झुंबरच्या पायाचे नख

घरातल्या सुनेचे डोके दुखले तर सुंठ उगाळतात, पोट दुखले तर ओवा देतात. पण पायाच्या नखाला काही झाले तर त्याला दुखणे म्हणावे, असे आपल्याकडे कुणालाच वाटत नाही. पारोळ्याजवळच्या एका खेड्यात सुकदेव आबांच्या घरीही तेच झाले.

आबांची धाकटी सून झुंबर हिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख पिवळे पडले होते. गुरांचा गोठा, मोटेचे पाणी, पाटातला चिखल. दिवसभर पाय ओलाच. हळूहळू नख जाड झाले, कडेने भुगा होऊन गळू लागले, मग शेजारच्या बोटालाही तेच झाले. झुंबरने हळद लावली, चुना लावला, कुणी सांगितले म्हणून रुईचा चीकही लावला. काही उपयोग होईना, तेव्हा ती लुगड्याचा काठ खाली ओढून चालू लागली. नवऱ्याला, हिलालला, तिने एकदा सांगितले होते. तो म्हणाला होता, "मायले इचार." हिलाल मनाने वाईट नव्हता, पण आईला विचारल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नसे.

श्रावणात कानबाई देवीचा सण आला. खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे, की कानबाईचे रोट हे साधे जेवण नव्हे. घरातल्या माणसांच्या नावाने मोजून गहू घ्यायचे, घरच्या बायकांनीच ते दळायचे, आणि भाऊबंदांनीच ते खायचे. ज्याच्या घरचे रोट भाऊबंद खात नाहीत, तो जिवंतपणीच त्यांच्यातून उठला असे समजा!

झुंबर जात्यावर बसली होती. एक पाय पसरलेला, दीड वर्षाची गिरजी मांडीवर, तोंडात ओवी. जाते ओढता ओढता काठ सरकला. तेवढ्यात भाऊबंदातली थोरली, ताईबाई, परातीसाठी आत आली आणि जागच्या जागी थबकली.

"व माय! हाई काय शे? देखा हिनं नख! हाऊ ते महारोग शे!"

जाते थांबले. झुंबरची सासू धुरपदाबाई चुलीपासून उठून आली. तिने नख पाहिले आणि ती दोन पावले मागे सरली.

"आत्या, महारोग नही व," झुंबर रडत म्हणाली. "नखच ते शे. मी गोठानं सारं काम करस ना!"

पण बाहेर बातमी पोहोचलीही होती. भाऊबंदांचे एकच म्हणणे पडले, "तिना हातना रोट कोनी खावाव नही." दळलेले पीठ गुरांपुढे टाकले गेले. आणि दुसऱ्याच दिवशी झुंबरला गाडीत बसवून धुळ्याला भावाकडे धाडण्यात आले. गिरजीला धुरपदाबाईने तिच्या कडेवरून ओढून घेतले. पोर हात पसरून रडत होती, दूध अंगावर होते, तरी गाडी हाकली गेली. हिलाल बैलाच्या वेसणीकडे बघत उभा होता. वाचकहो, त्या घरात दगड कुणीच नव्हते. भीतीने माणसाचे काय होते ते पाहा!

झुंबरचा भाऊ अभिमन धुळ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्याने बहिणीला दारातच जवळ घेतले आणि सकाळ होताच डॉक्टर चुडामण यांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर वयस्क, सावकाश बोलणारे. त्यांनी तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. महारोगी म्हणून घराबाहेर काढलेल्या बाईचा पाय मांडीवर! झुंबरने लाजेने पदर तोंडावर ओढला.

"डोळे मीट, बाई. टाचणी टोचतो. टोचली की सांग."

"टोचनी... आते बी टोचनी... अंगठाले टोचनी."

डॉक्टर हसले. "महारोगात चामडी बधिर होते. हिची जागी आहे. अभिमन, हा नखाचा नायटा आहे, नायटा! अंगावर होतो तोच नखात शिरला आहे."

त्यांनी काचेच्या झाकणाच्या डबीत व्हिटफील्डचे मलम दिले आणि नीट समजावले. नख कानशीने घासून पातळ करायचे, सकाळ-संध्याकाळ मलम मुळाशी चोळायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. "पिवळे नख पांढरे होत नसते. मुळातून नवे येते आणि जुने पुढे ढकलते. वर्ष लागेल. मध्येच कंटाळलीस तर फिरून पहिल्यापासून. आणि ती जोडवी काढ. त्यांच्याखालीच सगळी ओल साचते."

जोडवी! झुंबरने पाय मागे घेतला.

"नवरा जिवंत आहे ना? मग मंगळसूत्रात ओव," डॉक्टर म्हणाले. "सौभाग्य बोटातच राहते असे कुणी सांगितले?"

अभिमनने हा सारा निरोप पारोळ्याजवळच्या त्या घरी स्वतः जाऊन सांगितला. धुरपदाबाई उसळलीच. "जोडवं काढानं म्हने! मना पोऱ्या जित्ता शे ना अजून! डॉक्टर काय, काहीबी सांगस. नख साफ व्हवू दे, मंग देखू." अभिमनने गिरजीला तरी पाठवा म्हणून हात जोडले. पण रोग्याच्या अंगावर पोर कशी द्यायची! तो रिकाम्या हाताने परतला.

मग झुंबरचे ते वर्ष सुरू झाले. पहिले काही दिवस दुधाने छाती दाटून येई, ती भिंतीशी तोंड करून ते पिळून टाकी आणि रडे. पुढे दूध आटले. त्या दिवशी ती जेवली नाही. पण मलम एकदाही चुकवले नाही. नखाच्या मुळाशी नवी कोर दिसू लागली, तेव्हा भावजयीला दाखवून ती हसली. गिरजीकडे जायची वाट तिच्यासाठी त्या नखातूनच जात होती, आणि नख वाढायला तर किती उशीर!

एकदा हिलाल कापसाची गाडी घेऊन धुळ्याला आला. अभिमनच्या दाराशी उभा राहिला, आत आला नाही.

"मनी गिरजी कशी शे?" तिने विचारले.

"मजामा शे. वैनीपाशी ऱ्हास."

वैनी म्हणजे झुंबरची थोरली जाऊ, यशोदाबाई. तिला मूलबाळ नव्हते. झुंबर म्हणाली, "वैनी चांगली शे," आणि आत निघून गेली.

नवे नख अंगठ्याच्या टोकाला टेकले होते, त्या दिवसांत एके दुपारी दाराशी गाडी थांबली. खाली उतरली ती धुरपदाबाई, एकटीच. झुंबर धावली, पण सासूच्या कडेवर कुणी नव्हते. सासू ओट्यावर बसली. मग तिने लुगड्याचा काठ वर केला. अंगठ्याचे नख पिवळे, जाड, कडेने भुगा झालेले!

"तू गई, तवयपाईन गोठा मीच साफ करस," ती खाली मान घालून म्हणाली. "कोनले दाखाडानी हिंमत व्हत नही, पोरी."

दुसरी कुणी असती तर टोमणा मारला असता, हक्कच होता. झुंबरने डबी आणली, सासूचा पाय मांडीवर घेतला. जोडवी काढताना म्हातारीचा हात थांबला, तेव्हा झुंबरने गळ्यातली स्वतःची जोडवी दाखवली. "आशी गयामा घाला, आत्या. काही व्हत नही." म्हातारी ओक्साबोक्शी रडली.

दोघी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी म्हातारीचा पाय तपासला आणि चष्म्यावरून पाहिले.

"आजी, नखावरून सुनेला घराबाहेर काढलेत. आता तुम्हाला कुणी काढायचे?"

"चुकनं मनं, डॉक्टर. माले वाटनं महारोग शे."

"आणि महारोगच निघाला असता तर? ती माणूस राहिली नसती? रोग्याला औषध द्यायचे असते, आजी. हाकलून रोग जात नाही, माणूस जाते!"

 धुरपदाबाईने त्याच गाडीत सुनेला बसवले. गावात शिरताच गाडी घरी न नेता तिने ताईबाईच्या दाराशी थांबवली आणि भाऊबंदांना हाका मारल्या. माणसे जमली. साऱ्या गावाला धाकात ठेवणारी ती बाई ओट्यावर चढली आणि सगळ्यांसमोर तिने पाय पुढे केला.

"देखा! डोया भरीसन देखा! हाऊ महारोग व्हई ते माले बी घरमाईन काढा! कोन काढस माले? बोला!"

 ताईबाईने मान खाली घातली. सुकदेव आबा काठी टेकत पुढे आले आणि सुनेला म्हणाले, "चल माय, घर तुनंच शे." हिलाल मागे उभा राहून डोळे पुसत होता. त्याने पुढे होऊन बायकोचे गाठोडे घेतले. एवढेच त्याला वेळेवर सुचले असते तर!

झुंबर जवळजवळ धावतच अंगणात शिरली. गिरजी तुळशीपाशी खेळत होती. केवढी झाली होती! केस वाढले होते, पायात वाळे होते, ती बोलत होती. झुंबर खाली बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"गिरजी! ये मनी बाय, ये!"

पोरीने एकदा तिच्याकडे पाहिले, आणि ती उठून धावत सुटली. ती थेट दारात उभ्या असलेल्या यशोदाबाईच्या लुगड्यात जाऊन शिरली.

"माय," ती यशोदाबाईला म्हणाली, "हाई कोन शे?"

यशोदाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "तुनी माय शे ती, बाय. जा." ती पोरीला पुढे ढकलू लागली, तसतशी गिरजी मोठ्याने रडून तिला घट्ट बिलगू लागली.

"नका ढकलू, वैनी," झुंबर म्हणाली. "ती भ्यायनी शे."

तिने पुढे केलेले हात मागे घेतले. धुरपदाबाई अंगणात मटकन बसली आणि कपाळ बडवू लागली, पण आता त्याचा काय उपयोग? नख नवे आले; दीड वर्षाच्या गिरजीने आईसाठी पसरलेले हात पुन्हा कुठून आणायचे?

बंधूंनो आणि भगिनींनो, नायट्याला डबीभर मलम पुरते. आपल्या भीतीला मात्र वर्षभराची एक माय द्यावी लागली. तुमच्या घरात कुणाच्या अंगावर काही दिसले, तर आधी त्या माणसाचा हात धरा आणि डॉक्टरांकडे चला. भाऊबंद काय म्हणतील हे नंतर विचारा. आणि न विचारलेत तरी चालेल!

गिरजी पुढे झुंबरजवळ येऊ लागली, तिच्या ताटात जेवूही लागली. पण रात्री झोपेत दचकली की ती "माय" म्हणून हाक मारी, आणि उठून जाई ती यशोदाबाई.