गिरेपाकाकांचं डुक्कर

दारातल्या कॉफीच्या झाडाला गिरेपाकाका डुक्कर बांधत होते आणि सिमियन खिडकीआडून बघत होता. चांगलं पोसलेलं डुक्कर होतं. बांधून झाल्यावर काका पायरीवर टेकले. आल्या आल्या कामाचं बोलायची गोरोकाच्या डोंगराळ मुलखात रीत नाही. पण डुक्कर भेट आणलं म्हणजे काहीतरी मागणं असणार, हे सिमियनने ओळखलं.

"रताळी भाजतेय, काका. खाऊनच जा," त्याची बायको रुती म्हणाली.

"खाईन की. मला कसली घाई?"

घाई सिमियनला होती. थोड्याच वेळात मैदानावर त्याला अंतिम सामन्याचा संघ जाहीर करायचा होता. रग्बी लीगमध्ये तो देशाकडून खेळला होता. गुडघे गेल्यावर गावच्या संघाचा प्रशिक्षक झाला, तेव्हा त्याने सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं, माझ्याकडे वशिला चालणार नाही. आणि त्याच्या लग्नात रुतीच्या माहेरी द्यायच्या डुकरांपैकी निम्मी काकांनी दिली होती. काकांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, त्यामुळे ओझं जास्तच वाटायचं. त्यांच्या मुलापेक्षा, एझ्रापेक्षा, संघातला लेवाई सरस खेळतो, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

तो चुलीपाशी गेला, परत दारात आला, पुन्हा चुलीपाशी गेला.

"डुक्कर परत पाठवू?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"भेट परत केल्यावर गाव ठेवून घेईल? मग राहायचं कुठे? झाडावर?" रुती म्हणाली.

रताळी भाजून व्हायच्या आतच तो मागच्या दाराने निघून गेला.

मैदानावर त्याने भराभर नावं घेतली. सगळ्यात मागे खेळणाऱ्या फुलबॅकच्या जागी एझ्राचं नाव आलं आणि लेवाईने मान खाली घातली. डुक्कर रस्त्याने जाताना सगळ्यांनी पाहिलं होतं. जो तो एकमेकांकडे बघू लागला, तेच सिमियनला सोसवेना.

काका धापा टाकत आले आणि त्याला बाजूला घेऊन गेले.

"हे काय केलंस रे?"

"तुमचा मान राखला, काका."

"मी मागितला होता? गेल्या सामन्यात डोकं आपटल्यापासून पोरगा ओकतोय. आईला बहिणीच्या नावाने हाक मारतो. माझं ऐकत नाही. म्हणतो, कोचनी सांगितलं तरच बाहेर बसेन. कुणाला सांगू नका म्हणून शपथ घातलीय. तरी त्याला बाहेर बसव, हे तुला सांगायलाच डुक्कर घेऊन आलो होतो. दोन घास खाऊन बोलणार होतो, तर तू पळालास!"

सिमियनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडे एझ्राने जर्सी चढवली होती आणि पोरं त्याची पाठ थोपटत होती. सिमियन तडक तिकडे चालत गेला.

"कोच, जीव तोडून खेळेन बघा!"

"जर्सी काढ. लेवाईला दे."

एझ्राचा चेहरा पडला. सगळीकडे कुजबुज सुरू झाली.

"डुक्कर कमी पडलं वाटतं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

सिमियनने खरं सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधीच काका पुढे आले.

"हो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कमीच पडलं," आणि पोराचा हात धरून घराकडे चालू लागले.