साखळीचा पेला

मित्रांनो, मला पाहून हसू नका. अंगभर चुना माखलेला, काठाखाली भोक असलेला मी एक म्हातारा पितळी पेला. पण एकेकाळी सूतगिरणीतली दीडशे माणसं माझ्या काठाला ओठ लावत होती, म्हटलं!

तांबटाने ठोकून ठोकून मला आकार दिला. गिरणीने मला विकत घेतलं आणि काठाखाली भोक पाडून पाण्याच्या टाकीशेजारी साखळीने बांधलं. साखळी कशाला, तर मी चोरीला जाऊ नये म्हणून. मला मात्र तो दागिनाच वाटायचा.

गिरणीत दिवसभर कापसाचे तंतू उडायचे, घसे कोरडे पडायचे आणि माणसं माझ्याकडे धाव घ्यायची. कुणी मला आधी धुवायला गेलं, की बाकीचे चिडवत, आमचं उष्टं चालत नाही वाटतं राजाला? नवीन माणूस आला की खात्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाने अर्धा पेला प्यायचा आणि उरलेलं पाणी त्याला द्यायचं, अशी रीत होती. त्याला 'पहिला घोट' म्हणत. तो घेतला की माणूस आपला झाला. काय माझा मान होता तेव्हा!

मग गिरणीमागच्या वस्तीत घटसर्प शिरला. घशाचा हा आजार लहान-मोठं बघत नाही. सूत रंगवणाऱ्या रंगाऱ्याची दोन लेकरं एका आठवड्यात गेली. नगरपालिकेने एक नर्सबाई पाठवल्या. त्यांनी गटारं पाहिली, खोल्या पाहिल्या आणि शेवटी बोट दाखवलं ते माझ्याकडे. असा राग आला मला! मुकादमालाही आला. तरी बाईंचा शब्द मोडायला नको म्हणून त्याने हुकूम काढला, पिण्याआधी पेला बादलीत बुचकळायचा. बादलीतलं पाणी मात्र सकाळी भरलेलं तेच संध्याकाळपर्यंत. घ्या! उष्ट्या पाण्यातच उष्टं धुणं चाललं होतं.

तुटलेले धागे सांधणाऱ्या अक्का खात्यात सगळ्यात जुन्या. त्यांनाही घटसर्प झाला होता. दैव बलवत्तर म्हणून वाचल्या. नर्सबाईंनी त्यांना बजावलं होतं, की ताप उतरला तरी आजार घशात दडून राहतो, अजून काही आठवडे तुमचं उष्टं कुणाला देऊ नका. अक्का हो म्हणाल्या. पण त्याच आठवड्यात त्यांची सोळा वर्षांची लेक कामाला लागली.

सगळं खातं टाकीभोवती जमलं. मुकादमाने मला भरून अक्कांच्या हातात दिलं. लेक हसत समोर उभी. इतक्या वर्षांच्या सवयीने अक्का अर्धा पेला प्यायल्या आणि त्यांनी मला पुढे केलं. पोरीची बोटं मला लागलीसुद्धा. तेवढ्यात अक्कांनी मला उपडं केलं. पाणी सगळं फरशीवर.

पोरीचे डोळे भरले. चारचौघांत आईनेच आपल्याला परकं केलं, असं वाटलं तिला.

"माझ्या घशात अजून तो आजार असेल, बाळा," अक्का म्हणाल्या. "सगळं देईन तुला, पण हे उष्टं नाही देणार."

रंगारी मागे उभा होता. तोही रोज माझ्यातूनच पिऊन घरी जायचा. तो पक्कड घेऊन आला आणि त्याने माझी साखळी तोडली.

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या मानाची लाज वाटली. पुढे टाकीला तोटी बसली आणि प्रत्येकाचा आपापला पेला खिळ्याला लागला. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी पेल्यावर कुणी मासा कोरला, कुणी कात्री. मला नर्सबाईंनी गटारात टाकायचा चुना मोजायला घेतलं. आधी वाटलं, कुठून कुठे आलो! आता विचाराल तर मजेत आहे. गटारांची घाण हटली, आणि त्यात माझाही खारीचा वाटा आहे.

म्हणून एक मागणं आहे. पेला नुसता चकचकीत नको, स्वच्छ ठेवा. आजारी असाल तेव्हा आपलं उष्टं कुणाला देऊ नका, मग समोरचा कितीही जिवाभावाचा असो.

अक्कांची लेक आज त्याच खात्याची मुकादम आहे. हा भोकाचा पेला कुठला, असं नव्या मुली तिला विचारतात. ती मला हातात घेते आणि सांगते, "यातलं पाणी आईने मला दिलं नाही. म्हणून मी आहे."