हवेचा दोष

हातमोजा निघेचना. डाव्या हाताचा, पांढऱ्या पातळ कातड्याचा, मनगटापाशी एकच बटण असलेला. बटण केव्हाच सुटलं होतं, पण कातडं भिजून बोटांना असं बसलं होतं की डॉक्टर मुकुंद टिपणीसांना शेवटी ते दातांत धरून ओढावं लागलं. जिभेला खारट लागलं. आपलाच घाम, आपलीच चव... शी! मुकुंदनं आजूबाजूला पाहिलं. कर्णिक पुढे गेला होता, पाठमोरा, गवतात आपला बॉल शोधत. कुणी पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं असतं तरी काय बिघडत होतं? भाद्रपदातलं ऊन, खाडीवरून येणारी ती चिकट हवा, पाऊस धड गेलेला नाही आणि धड राहिलेलाही नाही — अशात माणसाला घाम येतो. सगळ्यांना येतो.

तयारी काय कमी केली होती? सकाळी उठून तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसला, तर सुमेधा चहा गाळता गाळता म्हणाली, "अहो, हात भिजत घातलेत की हरभरे?" हसली ती. बायको हसते आहे तोवर बरं असतं. ती हसायची थांबली की समजावं, प्रकरण घरात शिरलं. पिशवीत दोन कोरडे नॅपकिन, पिशवीच्या पट्ट्याला कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत लावलेले आणखी दोन हातमोजे, आणि मुलाच्या कॅरमची पावडर, गुपचूप उचललेली. पावडरीचा तर पहिल्याच होलला लगदा झाला. भिजवलेल्या पिठासारखा तो बोटांच्या बेचक्यांत अडकला आणि मुकुंदनं चडफडत हात गवताला पुसले. पन्नाशी उलटलेला माणूस, एवढा मोठा सर्जन, आणि खाडीकाठच्या या जुन्या कारखान्याच्या आवारात, जिथं ठाण्यातल्या चारदोन डॉक्टर-वकिलांना रविवारी मेहेरबानीनं गोल्फ खेळू देतात, तिथं उकिडवा बसून हात पुसतोय.

"घट्ट धरू नकोस रे," कर्णिक तिसऱ्या होलला म्हणाला होता. "पुरी लाटताना बायका लाटणं धरतात ना, तशी धर. जितकी आवळशील तितकी निसटेल." कर्णिक भूलतज्ज्ञ. कॉलेजपासूनचा मित्र, मुकुंदच्या प्रत्येक ऑपरेशनला पेशंटच्या उशाशी बसणारा. त्याचं काय जातंय सल्ला द्यायला! तरी मुकुंदनं स्टिक हलकी धरली, फिरवली, आणि खाली येता येता ती हातात वळली — इतकीशीच, नखाएवढी — आणि बॉल उजवीकडे जाऊन तिवरांच्या चिखलात पडला. आवाजसुद्धा आला नाही. इथं नखाएवढं म्हणजे एक बॉल. तिथं नखाएवढं म्हणजे...

नको. आज रविवार आहे.

खरं म्हणजे पैज होती. कुणाला सांगायची नाही अशी, स्वतःशीच लावलेली. आज खेळताना स्टिक एकदाही हातात वळली नाही तर उद्या सकाळी जनाबाईचं ऑपरेशन मी करणार. वळली तर वर्तकनगरच्या त्या नव्या सर्जनला फोन. चांगला मुलगा आहे, दुर्बिणीतून करायला शिकून आलाय, नमस्कार करतो तेव्हाही हात कसे खडखडीत कोरडे दिसतात. तिसऱ्याच होलला पैज हरल्यावर मुकुंदनं ती बदलली. माणूस किती लबाड! स्वतःशीसुद्धा घासाघीस करतो. आता पैज अशी होती की कर्णिकचे हातही घामेजलेले निघाले तर दोष हवेचा, आपला नाही. मग उद्या खुशाल उभं राहायचं. म्हणून तो मघापासून बॉल सोडून कर्णिकच्या हातांकडे बघत होता.

जनाबाई मुकुंदच्या नर्सिंग होमच्या कोपऱ्यावर मासळीची टोपली घेऊन बसते. टेंभी नाक्याला सध्या नवरात्राचा मांडव उभा राहतोय, बांबूंनी निम्मा रस्ता खाल्लाय. सगळे फेरीवाले उठले, ही आपली टोपली थोडी आत सरकवून तिथंच. तिचा नवरा धाकू, फार वर्षांपूर्वी, फुटलेलं अपेंडिक्स घेऊन आला होता. पोट फळीसारखं कडक, नातेवाईक बाहेर रडायला बसलेले. तो जगला. तेव्हापासून खाडीकाठच्या कोळीवाड्यांतून माणसं येतात ती डिग्री विचारत नाहीत. 'टिपनिसाचे हाताला गुन हाय,' एवढं त्यांना पुरतं. हातगुण! किती हसायचा तो या शब्दाला. हातगुण कसला डोंबलाचा, वेळेवर उघडलेलं पोट आणि रात्रभर चालू ठेवलेलं सलाइन. पण जनाबाई दर सणाला जिताडा घेऊन घरी यायची, सुमेधाला बजावायची, या हाताला जपा बाई, आणि तो हसत हसत ते ऐकून घ्यायचा. आता तिच्याच पित्ताशयात खडे झालेत, काल ती दाखलही झाली. मोठ्या हॉस्पिटलात जा म्हटलं तर म्हणाली, "कापाचा तं तुमीच कापा. दुसऱ्याचा हात मना नको."

आणि झालं तर काहीच नव्हतं. एखादा पेशंट दगावला असता, एखादी चूक झाली असती, तर म्हणता आलं असतं की बाबा, धसका घेतला. तसं काही नाही. श्रावणातली सकाळ, साधा हर्निया, हात सवयीनं चाललेले, आणि एकाएकी रबरी मोज्यात बोटांच्या टोकांशी पाणी साचल्यासारखं झालं. कोमट. चिमटा धरलाय हे मला दिसत होतं, पण बोटांना कळत नव्हतं... माझीच बोटं, पण कुणीतरी दुसऱ्यानं वापरायला नेल्यासारखी. पेशंट ठणठणीत घरी गेला, पेढे देऊन गेला. आणि मुकुंदनं पुढची दोन ऑपरेशनं लांबणीवर टाकली, एक मुंबईला पाठवून दिलं, थिएटरचा एसी बघायला माणूस बोलावला. पुन्हा बोलावला. तो बिचारा म्हणतो, साहेब, मशीन एकदम ओके आहे.

एक प्रश्न मात्र त्याला सोडत नव्हता. हातगुण बितगुण आपण मानत नव्हतो ना? मग तो गेला म्हणून एवढी भीती कशाची? जे नव्हतंच ते जातं कसं? का सगळी वर्षं, लोकांना हसता हसता, आपणच ते सगळ्यांत जास्त मानत होतो... धाकू जगला तेव्हापासून?

"काय उकडतंय रे!" कर्णिकनं पिशवी गवतात टाकली आणि दोन्ही हात वर धरले. "हे बघ. नळाखाली धरल्यासारखे झालेत."

मुकुंदनं बघितलं. खरंच. कर्णिकच्या तळव्यांवर पाणी चमकत होतं, मनगटापर्यंत ओघळ आले होते. त्याला कर्णिकला मिठी मारावीशी वाटली. हवा! नुसती हवा, दुसरं काही नाही. उरलेले दोन होल तो शिट्टी वाजवत खेळला, वाईट खेळला, पण खेळला, आणि शेवटचा बॉल खड्ड्यात पडला तेव्हा उद्याचं ऑपरेशन त्याच्या मनात करूनसुद्धा झालं होतं.

मग ते क्लबच्या खोलीत येऊन बसले. तिथं नवा एसी होता. पाठीवरचा शर्ट थंड पडला, कपाळ सुकलं, कर्णिकनं हुश्श केलं. लिंबू सोडा आला, खारे शेंगदाणे आले. कर्णिकनं मूठभर दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारली, आणि लाल टरफलं भुरकन उडून गेली. मुकुंदनंही दाणे घेतले, चोळले, फुंकर मारली. टरफलं उडाली नाहीत. तळव्याला चिकटून बसली, रेषांमध्ये, बोटांच्या पेरांवर. त्यानं मूठ मिटली आणि हात टेबलाखाली घेतला.

कर्णिकनं पेला खाली ठेवला. "तू हल्ली ऑपरेशन चालू असताना हातमोजे बदलतोस," तो म्हणाला. आवाजात काहीही नव्हतं, आज सोडा बरा आहे म्हणावं तसं.

"हवा रे..."

"थिएटरला एसी आहे, मुकुंदा."

लाज वाटली त्याला, उघडी, लहानपणची लाज. आणि तिच्या मागोमाग, आश्चर्य म्हणजे, थोडं बरंही वाटलं.

"तिला सांगून टाकतो," तो म्हणाला. "आज संध्याकाळी राउंडला जाईन तेव्हा. खरं काय ते. म्हणजे तीच म्हणेल, दुसरा डॉक्टर बघा."

"सांग की," कर्णिक म्हणाला. "पण उद्या भूल मी तिला देणार आहे, तुला नाही. तू जे करशील ते जागेपणी कर म्हणजे झालं."

किती सोपं होतं! खरं सांगायचं आणि सुटायचं. खरं ऐकल्यावर कुठला पेशंट थांबेल? तिनं नको म्हटलं की नकार तिचा, आपण फक्त प्रामाणिक राहिलो. मनातल्या मनात तो वाक्यं जुळवू लागला — जनाबाई, माझे हात आता पहिल्यासारखे... — आणि तिथंच अडकला. कारण सकाळपासून ज्या गोष्टीकडे त्यानं बघितलं नव्हतं, हात पुसले होते पण तिकडे बघितलं नव्हतं, ती कालची संध्याकाळ आपल्या पायांनी चालत समोर आली.

काल राउंडच्या वेळी ती खाटेवर मांडी घालून बसली होती. नाडी बघायला त्यानं तिचं मनगट धरलं, तर तिनंच उलटून त्याचा हात पकडला, तळवा वर केला आणि निरखून बघितला, मासळी ताजी आहे की नाही ते बघतात तसा. मग पदराचं टोक घेऊन पुसला. एकेक बोट. हात परत ओला झाला. तिनं परत पुसला. इतकी वर्षं अहोजाहो करणारी बाई, एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "पानी सुटलाय. सुटू दे. भिऊ नको, बाला. मी हाय ना."

आणि तो केसपेपरवर काहीतरी खरडून जवळजवळ पळतच बाहेर आला होता.

म्हणजे तिला ठाऊक आहे. कर्णिकच्या आधी, सुमेधाच्या आधी, कदाचित माझ्याही आधी. मी तिला सांगणार तरी काय? ओला हात तिनं बघितला, हातात धरून बघितला, आणि तरी उद्या ती त्याच हाताखाली यायला तयार आहे. गुण मानते म्हणून? की धाकूचं ऋण म्हणून? की आता तिला माझीच दया येते?... काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की तिनं नको म्हणावं ही वाट बुजली. आता नको म्हणायचं तर ते आपल्यालाच म्हणावं लागणार होतं, तिच्या तोंडावर. आणि हो म्हणायचं तरी आपल्यालाच. मुठीत पाणी सुटतच होतं. पण ते आता हवेवर ढकलता येईना, एसीवर ढकलता येईना, आणि आश्चर्य म्हणजे ढकलावंसंही वाटेना.

मुकुंदनं नॅपकिन घेतला नाही. टेबलाखालचा हात वर काढला, मूठ उघडली आणि तो हात तसाच, टरफलांसकट, टेबलावर उताणा ठेवला. कर्णिक बघत होता. बघू दे.