अर्धी गोळी

विजयमालाने कापडी पिशवी चटईवर उपडी केली. मल्लिकार्जुन आप्पांचे रिपोर्ट, चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटं, सगळं बाहेर आलं. आप्पांना जाऊन तेरा दिवस झाले होते. पुण्याच्या लेकाने त्यांच्यासाठी ही सिस्टर लावून दिली, तेव्हापासून दोन वर्षं दर मंगळवारी ती सिरसाळ्यातल्या या घरी येई, त्यांचं बीपी बघे, फाइलमध्ये मांडून ठेवी. आज फाइल बंद करायची, एवढंच काम उरलं होतं.

फाइलमध्ये तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, गोळ्या नियमित. बीपी मात्र कधी हटलं नाही. डॉक्टरांनी दोनदा जास्त ताकदीची गोळी दिली, तरी ते आपलं तिथंच. शेवटी डोक्यातली नस फुटली.

कागदांत एक पुडी निघाली. तिच्यात अर्धी गोळी होती.

"ही कुणाची, काकू?"

"माजीच की," आप्पांच्या पत्नी दानम्मा म्हणाल्या. "मालक रोज बशीत मोडून ठिवायचे. अर्धी त्यांची, अर्धी माजी. माजं बी डोकं लई दुकायचं. लेकावर अजून एक भार कावून टाकायचा? ते गेले त्या दिशीची माजी तशीच ऱ्हायली बगा."

विजयमालाला स्वतःचाच भयंकर राग आला. दोन वर्षं तिने रिकामी पाकिटं मोजून खुणा केल्या होत्या. दानम्मांच्या दंडाला पट्टा एकदाही बांधला नव्हता. "मला काय धाड भरलीय," म्हणून त्या चहा टाकायला उठायच्या, आणि हिलाही पुढचं घर गाठायची घाई असायची.

आज तिने पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे नव्वद आला. तिने डॉक्टरांना फोन लावला. तीच गोळी आजपासून सुरू करा, उद्या दवाखान्यात घेऊन या, असं ते म्हणाले.

दानम्मा दंडावरून हात फिरवत राहिल्या.

"सिस्टर, त्यांना पुरी गोळी लागत व्हती का ओ? माज्यामुळं तर न्हाई ना..."

विजयमालाने फाइल मिटली. आत काय लिहायला हवं, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"न्हाई ओ काकू. वय झालतं त्यांचं."

दानम्मांनी मान हलवली. विजयमालाने नवी फाइल काढून त्यांचं नाव घातलं. आप्पांच्या उरलेल्या पाकिटातली एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ही पुरी घ्यायची बरं का. रोज पुरी."

"व्हय."

दानम्मांनी गोळी दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून मोडली. अर्धी तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या. मग उठून आप्पांच्या बाजेपाशी गेल्या. उशाला त्यांची बशी अजून तशीच होती. उरलेली अर्धी त्यांनी तिच्यात ठेवली.

"ही त्यांची," त्या म्हणाल्या.