कुणी विचारलंच नाही

त्र्याण्णवच्या मार्चमधल्या त्या शुक्रवारी अभिराम जेवणाच्या सुट्टीत फोर्टातल्या ऑफिसातून खाली उतरला, आणि रस्त्यावर बॉम्ब फुटला. मधुकररावांचा तो एकुलता एक मुलगा. त्यांची बायको आधीच वारलेली. खांदेश्वरच्या नव्या फ्लॅटमध्ये मागे दोघंच उरली: विक्रीकर खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले मधुकरराव आणि त्यांची सून श्रुती.

श्रुती महिन्याभरात महाप्याच्या कंपनीत कामावर रुजू झाली. मधुकररावांनी वाचन धरलं. हे कुणी केलं, का केलं, हे कळल्याशिवाय त्यांना घास गिळवेना. दहशतवादावर मिळेल ते पुस्तक ते आणत. कुठल्या देशात कोणत्या टोळीनं काय केलं, पैसा कुठून आला, कोणता कायदा आला नि कोणता बारगळला, हे सगळं त्यांना तोंडपाठ झालं. रात्री जेवताना ते श्रुतीला त्यातलं काही सांगत. ती ऐकून घेई आणि ताटं उचली.

सत्त्याण्णव साली बेलापूरला एका संस्थेनं या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. मधुकररावांनी खटपट करून प्रवेश मिळवला आणि इस्त्रीचा शर्ट घालून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. सगळी सकाळ दहशतवाद म्हणायचं कशाला, यावरच गेली. एका पाहुण्याची व्याख्या दुसऱ्याच्या सरकारला चालेना. दुपारी एक पोलीस अधिकारी बोलायला उभे राहिले आणि खटला कोर्टात असल्यामुळे फार काही सांगता येणार नाही, एवढं सांगून बसले.

चहाच्या वेळी मधुकररावांनी उत्कर्षा नावाच्या संशोधक मुलीला गाठलं. ती विद्यापीठात याच विषयावर काम करत होती.

"माझा मुलगा गेला त्यात," ते म्हणाले. "मला एवढंच विचारायचंय, तुम्हा लोकांना काय कळलंय?"

"खरं सांगू का काका? फार थोडं. कागदपत्रं मिळत नाहीत, तुरुंगात कुणाला भेटू देत नाहीत. मग आम्ही एकमेकांचे लेख वाचून नवे लेख लिहितो. आणि सरकारला तर उत्तर उद्या सकाळी हवं असतं."

"आणि ज्यांची माणसं गेली ते?"

"त्यांच्याकडे कुणी जातच नाही. मला जायचंय. तुमच्या घरी कोण असतं?"

"सून असते."

"त्या काय म्हणतात?"

मधुकररावांनी तिला घरचा पत्ता लिहून दिला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा श्रुती भाजी निवडत होती. त्यांनी परिषदेची हकीकत सांगितली. "ती मुलगी तुला भेटायला येऊ का विचारत होती. अभीबद्दल बोलायला."

श्रुतीचे हात थांबले. "नको बाबा. मी पुण्याला चाललेय. तिकडे नोकरी मिळालीय. केव्हापासून सांगायचं होतं, पण तुम्ही परिषदेच्या तयारीत होतात."

"मला आधी बोलली नाहीस?"

"कधी बोलणार होते?" तिचा आवाज चढला नाही. "बॉम्ब ठेवणाऱ्यांची गावं तुम्हाला माहीत आहेत. त्यांची आई काय करते, भाऊ काय करतो, सगळं मला जेवताना सांगितलंत. मी ऐकलं. पण त्या दिवशी सकाळी अभी माझ्याशी काय बोलला, हे एकदाही विचारलं नाहीत."

मधुकरराव स्टुलावर बसले. "काय बोलला?"

"आता नाही सांगता येत बाबा. पहिल्या वर्षी विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तेव्हा मी रोज वाट बघायचे."

तिनं भाजी धुतली, फोडणीला टाकली. त्या रात्री दोघं जेवली, पण मधुकररावांनी काही सांगितलं नाही.

पंधरवड्यानं ते तिला पनवेलच्या स्टँडवर पोहोचवायला गेले. बॅग त्यांनी स्वतः वर चढवली. ती वाकून पाया पडली तेव्हा त्यांना माफी मागायची होती, पण कंडक्टरनं घंटी मारली. "गोळ्या वेळेवर घ्या," ती खिडकीतून म्हणाली.

पुढे उत्कर्षा टेपरेकॉर्डर घेऊन घरी आली. मधुकररावांनी ठरवल्यासारखं बोलायला सुरुवात केली: माल कुठल्या किनाऱ्यावर उतरला, कोणत्या वाटेनं शहरात आला. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि हलकेच टेप बंद केली.

"हे सगळं छापून आलंय काका. मला अभिरामबद्दल सांगा ना. कसा होता? काय आवडायचं त्याला? पुढे काय करायचं मनात होतं?"

मधुकररावांनी लहानपणचं काहीबाही सांगितलं. गोवर आला होता तेव्हाचं, शाळेत बक्षीस मिळालं त्याचं. नोकरी लागल्यानंतरचा, लग्नानंतरचा अभिराम सांगायची वेळ आली, तेव्हा ते अडखळले.

"ते श्रुतीला माहीत," ते म्हणाले. "ती आता पुण्याला असते."