पुलापर्यंत अकरा मिनिटं

स्लेट फोर्कच्या खोऱ्यात सगळ्यांत शहाणा कोण, असं गेल्या ऑक्टोबरपर्यंत कुणी विचारलं असतं तर मी माझंच नाव सांगितलं असतं. आर्व्हिल रॅटलिफ. एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत, दोन मणके बाद, शाळा नववीपर्यंत, आणि मत प्रत्येक गोष्टीवर.

माझ्या फ्रिजवर एक काळा रेडिओ असतो. तो गाण्यांचा नाही. पोलीस, बंबवाले आणि अँब्युलन्सवाले एकमेकांशी बोलतात ते त्यावर ऐकू येतं. आमच्याकडे तो घरोघरी आहे. कुणाच्या छातीत दुखलं, कुणाची शेड पेटली, कुणाच्या बायकोने पोलीस बोलावले, हे सगळं आम्हाला मदत निघायच्या आधी कळतं, कारण कंट्रोलवाली बाई पत्ता मोठ्याने वाचते आणि पत्त्यावरून माणूस ओळखायला आम्हाला अर्धा सेकंद पुरतो. बाकीचे ऐकून गप्प बसायचे. मी फेसबुकवर लिहायचो.

नशेच्या गोळ्या आणि पावडरीने कुणाचा श्वास बंद पडला की माझं बोट शिवशिवायचं. ‘अमक्या वळणावर पुन्हा एकदा आपल्या कराच्या पैशांवर कुणाला तरी झोप लागली आहे,’ असलं काहीतरी टाकायचं आणि लोक हसले की दिवसभर खूश राहायचं. पुढे पुढे हे लोक खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या बंद किराणा दुकानाच्या पार्किंगमध्येच सापडायला लागले. वर्षभरात सहा जण. त्यावरही मी लिहिलं की तिथल्या डांबरातच काहीतरी असावं, चाखून बघायला हवं. एकशे चौदा जण हसले. मला आकडा पाठ आहे, यावरूनच काय ते समजा.

आमच्या बंबखान्याचा प्रमुख लॉनी स्किडमोर. पगार नाही, गणवेश स्वतःच्या पैशांनी घेतलेला. एप्रिलमध्ये त्याने सभा बोलावली. अँब्युलन्स यायला पस्तीस मिनिटं लागतात आणि श्वास बंद पडलेला माणूस तेवढा वेळ थांबत नाही, असं त्याचं म्हणणं. नाकात मारायचा एक फवारा मिळतो, त्याने माणूस परत येतो. दर अर्ध्या मैलाला एका घरात तो ठेवायचा. रेडिओ सगळे ऐकतातच, मग पत्ता ऐकला की जवळच्या घरातल्याने फवारा घेऊन धावायचं.

मी उठून उभा राहिलो. काठी टेकत उभा राहिलो, म्हणजे जास्त परिणाम होतो. म्हणालो, पहिल्यांदा फुकट वाचवा, दुसऱ्यांदा बिल लावा, तिसऱ्यांदा फोनच उचलू नका. टाळ्या पडल्या. फवारा फक्त पाच जणांनी घेतला. त्यांत एक गार्नेट टॉलिव्हर होत्या. शाळेच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं काढलेल्या, आता सत्त्याहत्तरच्या. मी त्यांना विचारलं की बाई, म्हातारपणी नशेबाजांच्या नाकात बोटं घालणार का. त्या म्हणाल्या, तुझं नाक मी पहिलीपासून पुसलंय, मला सवय आहे.

त्या टाळ्या घेऊन मी घरी आलो तेव्हा माझी स्वतःची मुलगी माजघरात सोफ्यावर बसल्या बसल्या डुलत होती.

टॅबिथा. एकतिसाव्या वर्षी नवरा सोडून माझ्याकडे परत आलेली. मी सगळ्यांना सांगायचो, तिला मायग्रेन आहे. तिची पहिली गोळी कुठून आली तेही सांगतो, लपवून काय करू. अक्कलदाढ काढली तेव्हा ती रात्रभर कण्हत होती, आणि माझ्या पाठीच्या गोळ्यांनी कपाट भरलेलं होतं. डॉक्टर पाकिटावर पाकीट लिहून द्यायचा, औषधांची कंपनी ट्रक भरभरून पाठवायची, आणि आम्ही शेजाऱ्याला टोमॅटो द्यावेत तशा एकमेकांना गोळ्या द्यायचो. मीच दिली, आणि पाणीही मीच दिलं. त्या डॉक्टरला आणि त्या कंपनीला मी रोज शिव्या देतो आणि मरेपर्यंत देणार. पण पेला माझ्या हातात होता.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी मी चर्चमधून आलो. बाथरूममधून घोरण्यासारखा आवाज येत होता. दार ढकललं. टॅबिथा टब आणि भिंतीच्या मध्ये अडकून पडली होती, ओठ निळे, श्वास मिनिटाला तीन-चार. फोन माझ्या खिशात होता. तीन आकडे दाबायचे होते.

मी दाबले नाहीत.

कारण मला कंट्रोलवाल्या बाईचा आवाज ऐकू आला. ‘स्लेट फोर्क रोड, चारशे बारा.’ खोऱ्यातल्या प्रत्येक फ्रिजवरून. आणि त्या क्षणी मला त्या पार्किंगचं कोडं सुटलं. त्या सहा जणांना तिथे डांबराने ओढलं नव्हतं. त्यांना तिथे त्यांच्या घरच्यांनी नेऊन ठेवलं होतं, कारण पार्किंगला घर नंबर नसतो. मला सुटलेलं हे कोडं मीच घातलेलं होतं, आणि सुटल्यावर मी काय केलं? मीही तेच केलं.

तिच्या अंगावर डाग पडलेला टी-शर्ट होता, तो बदलला. होय. लेक मरत होती आणि मी तिला स्वच्छ शर्ट घालत होतो. बाद झालेले मणके घेऊन तिला ओढत पिकअपमध्ये टाकलं, पट्टा लावला, आणि ती झोपली आहे असं वाटावं म्हणून माझा मासेमारीचा काळा गॉगल तिच्या डोळ्यांवर चढवला. पार्किंगमध्ये पोचून फोन करायचा, ‘इथे कुणीतरी पडलंय’ म्हणून सांगायचं, असा बेत होता. फोन केल्यावर मी तिथे थांबणार होतो की नव्हतो, हे मला अजून माहीत नाही. तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

वाटेत एकपदरी पूल लागतो. आमची रीत अशी की समोरून गाडी आली तर दोघांनी थांबायचं, खिडकीला खिडकी लावायची, दोन शब्द बोलायचे, मग एकाने जायचं. न थांबता जो जातो त्याच्या घरी काहीतरी बिनसलंय, असं संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. समोरून गार्नेटबाईंची जुनी ब्यूक आली. आणि मी थांबलो.

कुणाला संशय येऊ नये म्हणून थांबलो. काच खाली केली. त्यांनी पाठीचं विचारलं. मी म्हणालो, थंडी सुरू झाली की दुखतेच. त्यांनी सांगितलं की चर्चच्या जेवणातले बीन्स उरलेत, देऊ का थोडे. मी म्हणालो, मक्याचा ब्रेड असेल तर द्या. देवाशपथ, मी ब्रेड मागितला.

मग त्यांनी माझ्या पलीकडे पाहिलं.

“टॅबिथाला काय झालंय?”

“मायग्रेन. झोपलीय.”

“झोपलेल्या माणसाचे ओठ असे नसतात, आर्व्हिल.”

त्या पर्स घेऊन उतरल्या, वळसा घालून पलीकडचं दार उघडलं, गॉगल काढून पुलावरून खाली ओढ्यात फेकला. अठ्ठावीस डॉलरचा होता आणि माझ्या तोंडून ‘अहो’ निघालं. मी माझी बाजू मांडतोय असं समजू नका, मी फक्त घडलं ते सांगतोय. त्यांनी तिची मान मागे केली, पर्समधला फवारा तिच्या नाकपुडीत मारला आणि मला सांगितलं की तोंडाने श्वास दे, मी मोजते. मग फोन लावला.

“नाव सांगू नका,” मी म्हणालो. “फक्त पूल म्हणा.”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. शाळेत ताटात भाजी टाकून उठणाऱ्या पोराकडे बघायच्या तसं. आणि फोनवर स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाल्या, “स्लेट फोर्कचा पूल. आर्व्हिल रॅटलिफची मुलगी टॅबिथा. श्वास जवळजवळ बंद. एक फवारा दिलाय, माझ्याकडे दुसरा नाही.”

मी श्वास देत राहिलो. दोन मिनिटं गेली, तीन गेली, ती हलेना. आणि वरच्या बाजूने धूळ उडवत एक गाडी आली. माझ्या मनात पहिला विचार आला की बघायला आले. दुसरा विचार आला तो ड्वेन हॉर्नचा ट्रक ओळखल्यावर. ड्वेनचा मुलगा मार्चमध्ये त्याच पार्किंगमध्ये मेला होता. मी त्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या इथे पुन्हा लिहिण्याइतका मी अजून धीट झालेलो नाही.

ड्वेनने मला बाजूला सारलं, दुसऱ्या नाकपुडीत स्वतःच्या घरातला फवारा मारला, आणि मला म्हणाला की डोकं धर. मी धरलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

“कुठे चालवली होतीस हिला?”

मी हनुवटीने खोऱ्याच्या तोंडाकडे दाखवलं.

“मीही तिकडेच नेलं होतं,” तो म्हणाला. “घरून फोन केला असता तर तू लिहिलं असतंस.”

टॅबिथाने घरघरत श्वास ओढला, माझ्या चर्चच्या कोटावर ओकली आणि आम्हा तिघांनाही शिव्या दिल्या. गार्नेटबाईंनी तिला कुशीवर वळवलं. अँब्युलन्स यायच्या आत पुलाच्या दोन्ही बाजूंना नऊ गाड्या होत्या. दोघे फक्त बघायला आले होते, ते खोटं कशाला सांगू. बाकीच्यांत कुणी ब्लँकेट आणलं, कुणी रस्ता मोकळा केला, आणि लॉनीने माझ्या हातात ऑक्सिजनचा मास्क देऊन तो कसा धरायचा ते दाखवलं. एप्रिलचा एक शब्दही काढला नाही. काढला असता तर बरं वाटलं असतं.

मी फेसबुकवर शेवटचं एकदा लिहिलं. शर्ट, गॉगल, ब्रेड, ड्वेनचा मुलगा, सगळं. हसण्याची खूण एकानेही केली नाही. आता फवारा एकवीस घरांत आहे आणि माझं घर त्यांत धरलेलं आहे. टॅबिथाचं नशा सोडवायचं औषध साठ मैलांवरच्या दवाखान्यात मिळतं. बंबखान्याच्या भिंतीवर कागद लावलाय, कुणी कुठल्या दिवशी तिला आणि आणखी चौघांना न्यायचं त्याचा. मंगळवार ड्वेनचा आहे. तो तिच्याशी बोलतो, माझ्याशी नाही, आणि मला त्यात तक्रारीला जागा दिसत नाही.

ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. जानेवारीत एकदा पुन्हा नशेकडे घसरली आणि स्वतःहून सांगितलं. त्या दिवशी आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. तिने विचारलं की बाथरूमपासून पुलापर्यंत किती वेळ लागला होता. मी म्हणालो, अकरा मिनिटं. नंतर मी गाडी चालवून आणि शर्ट बदलायचा वेळ धरून मोजली होती. तिने कप बाजूला सारला.

“डॅडी, पुन्हा झालं तर?”

“पुन्हा होणार नाही.”

“हे तू मला सांगतोयस की स्वतःला?” तिने माझा फोन माझ्यापुढे सरकवला. “काय सांगशील ते म्हणून दाखव. आत्ता.”

मला फार बावळटासारखं वाटलं. घसा साफ केला, फोन न लावताच कानाशी धरला.

“माझी मुलगी श्वास घेत नाहीये,” मी म्हणालो.

“नाव.”

“टॅबिथा रॅटलिफ.”

“पुढे.”

“स्लेट फोर्क रोड,” मी म्हणालो, आणि फ्रिजवरच्या रेडिओकडे पाहिलं. तिने मदत केली नाही.

“चारशे बारा.”

“मोठ्याने, डॅडी.”