कापसाची काठी

मित्रांनो, मी नाटकातली एक जुनी काठी आहे. दिसायला शिसवी, पण आत रबराची नळी आणि भोवती नुसता कापूस! शिंपीकाकांनी मला शिवलं आणि वरून काळा रंग दिला.

आमच्या नाटकात एक दुष्ट नवरा होता. जेवण गार झालं की तो बायकोवर मला उगारायचा. ते काम करणारे दादा म्हणजे खरं तर गरीब गाय. प्रयोगाआधी ते मला स्वतःच्या दंडावर मारून बघत. मग बायको झालेल्या ताईंना विचारत, "खांदा दुखत नाही ना आज?"

"मारा हो बिनधास्त! इतकं घाबरलात तर मीच तुम्हाला मारेन," ताई म्हणत.

मी पाठीवर पडले की माराचा आवाज यावा म्हणून विंगेतले पडदेवाले मामा फळीवर चप्पल आपटत. प्रेक्षक दातओठ खात, दादांना शिव्या घालत. त्या शिव्या हीच आमची शाबासकी होती.

एकदा दादांची छकुली नाटकाला आली. दुसऱ्या दिवसापासून दादांनी घरी बायकोला हाक मारली, की ती हात पसरून आईच्या पुढे उभी राहू लागली. दादांचा जीव तीळ तीळ तुटला. "मला नको हे काम," ते म्हणाले.

"आधी तिला इथे आणा," ताई म्हणाल्या.

छकुली आली. दादांनी मला तिच्या हातात दिलं आणि तिच्याकडे पाठ केली. "मार मला."

तिने डोळे मिटून मारलं. मामांनी सवयीने चप्पल आपटली. फाट! छकुलीने भोकाड पसरलं. मामा जीभ चावत, चप्पल हातात घेऊन बाहेर आले, तेव्हा कुठे ती रडता रडता हसली. मग तिने मला दाबून पाहिलं.

"ही तर मऊ आहे. मग नाटकात माझ्या मागे बसलेल्या काकू का रडत होत्या?"

ताईंनी तिला जवळ घेतलं. त्या म्हणाल्या, "त्यांच्या घरची काठी खरी असेल, बाळा."

छकुलीने थोडा विचार केला आणि मला दादांच्या हातात परत दिलं. "मग नाटक करा, बाबा. सगळ्यांना दिसू दे."

मित्रांनो, आता मी पेटीत पडून असते. उंदरांनी माझी शिवण उसवली आहे. जमलं तर दोन टाके घाला, मला अजून काम करायचं आहे. पण कुणाच्या घरात माझी खरी बहीण दिसली, तर तिला जपू नका आणि गप्पही बसू नका. मोठ्याने सांगा.